तोरण्याच्या पानाला वाटच नव्हती

मागच्या पावसाळ्यात एका मित्राची किल्ल्यांवरची साइट बघत बसलो होतो. दीडेकशे पानं, सगळं स्वतः फिरून लिहिलेलं, फोटोही स्वतःच काढलेले. तोरण्यावरचा लेख तर इतका छान की बुधला माचीकडून चढताना पाय कुठे जपून टाकायचा तेसुद्धा त्यात आहे, पण गूगलवर काहीही टाका, तो लेख येतच नव्हता. त्याला वाटत होतं लेखात कीवर्ड कमी पडले असतील. मी म्हटलं ते राहू दे, आधी मला होमपेजवरून तोरण्यापर्यंत नेऊन दाखव, नुसतं क्लिक करत, सर्चमध्ये काही टाइप न करता. बराच वेळ खटपट केली पण जमलं नाही. मधे कधीतरी मेनू बदलताना ती लिंक गळून पडली होती आणि त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पान सर्व्हरवर होतं, फक्त तिथे जायला वाट नव्हती.

अशा पानाला ऑर्फन पेज म्हणतात, पोरकं पान.

सर्च इंजिन वेबवर फिरतं कसं ते कळलं की हे लगेच समजतं. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एक पान उघडतो, त्यातल्या लिंका गोळा करतो, त्या यादीत टाकतो, मग यादीतलं पुढचं पान उघडतो, त्यातल्या लिंका गोळा करतो, असं चालूच राहतं. तो साइटच्या सर्च बॉक्समध्ये काही टाइप करत नाही आणि ‘आणखी दाखवा’ हे बटणही दाबत नाही. नीट अँकर टॅगमध्ये (लिंक बनवायची पानाच्या कोडमधली साधी खूण) पत्ता लिहिलेली लिंक असेल तर ती त्याला हमखास मिळते, पण क्लिक केल्यावर जावास्क्रिप्टने पान उघडणारं नुसतं बटण असेल तर त्याच्या लेखी तिथे भिंत आहे. साइटमॅपची, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांच्या यादीची, फाइल सर्च इंजिनला देता येते (गूगलने ती पद्धत 2005 मध्ये आणली, 2006 मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टही त्यात आले), आणि ती जरूर द्यावी, पण ती एवढंच सांगते की हे पान आहे. ते किती महत्त्वाचं आणि कोणत्या विषयाच्या शेजारचं, हे लिंकांवरूनच कळतं.

आता हे ‘महत्त्वाचं’ मोजायचं कसं? इथे मला खरोखर सुंदर वाटणारं गणित येतं. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये ते मांडलं, नाव पेजरँक. कल्पना करा, एक माणूस वेबवर नुसता भटकतोय. समोरच्या पानावरची कुठलीही एक लिंक धरतो आणि पुढे जातो, 100 पैकी 85 वेळा असं, आणि उरलेल्या 15 वेळा कंटाळून कुठल्याही भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो भटकतच राहिला तर कुठल्या पानावर त्याचा किती वेळ जाईल? जिथे जास्त वेळ जाईल ते पान जास्त वजनाचं.

चार पानांची साइट घेऊ आणि तेवढंच अख्खं वेब आहे असं धरू: होमपेज, रायगड, राजगड, तोरणा. होमपेजवर रायगड आणि राजगडाची लिंक आहे, तिन्ही किल्ल्यांच्या पानांवरून होमपेजला परत जाता येतं, आणि तोरण्याकडे कोणीच बोट दाखवत नाही. कागदावर गणित सोडवलं तर 100 पैकी होमपेजला 48, रायगड आणि राजगडाला 24-24, आणि तोरण्याला 4 सुद्धा नाहीत, 3.75. तेही केवळ त्या उड्यांच्या नशिबाने. आता एकच बदल करा, राजगडाच्या पानावर तोरण्याची लिंक द्या. परत सोडवलं की तोरण्याला 13 येतात, होमपेज 43 वर आणि रायगड-राजगड 22-22 वर. म्हणजे एका लिंकने साडेतीन पट! तोरण्याच्या लेखातला एक शब्दही न बदलता.

आजचं गूगल अर्थातच एवढ्यावर चालत नाही, त्यात इतर खूप गोष्टी आल्यात, पण पेजरँक अजूनही आपल्या मूळ यंत्रणेत आहे असं गूगल स्वतः सांगतं.

लिंक एकतर्फी असते हे आपण विसरतो. संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये 20 कोटी पानांचा आणि 150 कोटी लिंकांचा नकाशा अभ्यासला तेव्हा दिसलं की कुठलीही दोन पानं उचलली तर पहिल्यावरून दुसऱ्यावर क्लिक करत पोचता येण्याची शक्यता फक्त 24 टक्के. एवढ्या मोठ्या जाळ्यातही चारपैकी तीन वेळा वाटच नाही! वेबचं आपल्या हातात नाही, पण आपल्या साइटचं तर आहे ना.

मग काही जण म्हणतात, सगळ्या पानांवर सगळ्या पानांच्या लिंका टाकतो, प्रश्नच मिटला. मला हे अजिबात पटत नाही. वरच्याच गणितात प्रत्येक पानावरून बाकी तिघांना लिंक दिली तर चौघांना 25-25 येतात, म्हणजे कोण मोठं कोण छोटं काहीच सांगितलं नाही. आणि मोबाइलवर दीडशे नावांचा मेनू उघडला की वाचणारा बिचारा गोंधळून परत जातो. लिंकांवर नोफॉलो (ही लिंक धरू नका असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) लावून सगळं वजन ठराविक पानांकडे वळवायची युक्तीसुद्धा लोकांनी करून बघितली, पण 2009 मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी सांगितलं की तसं अडवलेलं वजन दुसऱ्या लिंकांना मिळत नाही, ते वायाच जातं.

त्यापेक्षा मेनूत पाच-सात मोठे विषय ठेवा, प्रत्येक विषयाचं एक मुख्य पान करा, आणि खरी वीण लेखांच्या आत घाला. लेखाच्या वर ‘मुखपृष्ठ › किल्ले › पुणे जिल्हा › तोरणा’ अशी ओळ असली की गूगलवरून थेट आत आलेल्या माणसालाही आपण कुठे आहोत ते कळतं.

आणि लिंकचे शब्द! याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘इथे क्लिक करा’ मधून काय कळतं, काहीच नाही. पेज आणि ब्रिन यांच्या त्या 1998 च्या निबंधातच आहे की लिंकचे शब्द ते ज्या पानाकडे नेतात त्या पानाच्या खात्यात धरायचे, कारण बरेचदा पान स्वतःबद्दल जे सांगतं त्याहून नेमकं दुसरे सांगतात. माणसांचंही तसंच. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी मांडलं की जनावर जसं वासावरून भक्ष्य शोधतं तसा माणूस लिंकच्या शब्दांवरून माहितीचा माग काढतो, आणि वास कमी झाला की वाट सोडतो. म्हणून क्लिक तीन लागले की पाच यापेक्षा प्रत्येक क्लिकला ‘हो, बरोबर चाललोय’ असं वाटणं जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या मराठी साइटांचा एक जुना त्रास इथे सांगायलाच हवा. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे फाँट वापरून केलेल्या पानांवर डोळ्याला मराठी दिसतं पण यंत्राला आत भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि मेनूतली नावं चित्रात लिहून ठेवली तर पर्यायी मजकूर (चित्रासोबत कोडमध्ये लिहायचं त्याचं वर्णन) दिल्याशिवाय त्या लिंकला शब्दच उरत नाहीत. असं साहित्य मी खूप बघितलंय, फार मोलाचं, आणि शोधून सापडत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

तर त्या दिवशी आम्ही राजगडाचा लेख उघडला. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून डोंगरधारेने तोरण्याला जाता येतं, हे वाक्य त्यात आधीपासूनच होतं! नुसतं काळ्या अक्षरात, लिंक नसलेलं. ‘राजगड ते तोरणा वाट’ एवढ्या शब्दांना लिंक दिली, तोरण्याच्या लेखातून उलटी लिंक राजगडाला दिली, आणि मग पानांची पूर्ण यादी काढून एकेक पान तपासायला घेतलं की इथे यायला कुठून वाट आहे. आणखी अकरा पोरकी निघाली, त्यातल्या नऊ किल्ल्यांची नावं शेजारच्या किल्ल्याच्या लेखात आधीच आलेली होती.