सर्दी, शेंबूड आणि गोतावळा

माणसांत जास्त मिसळणाऱ्याला सर्दी लवकर होणार, हे कोणीही सांगेल. दहा जणांत वावरलं की दहा जणांचे जंतू. पण सगळ्यांना मोजून सारखेच जंतू दिले तर?

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी नेमकं हेच केलं. १८ ते ५५ वयाच्या २७६ धडधाकट लोकांच्या नाकात त्यांनी सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि पुढचे काही दिवस सगळ्यांना वेगळं ठेवलं. त्याआधी प्रत्येकाला नात्यागोत्याचा हिशेब विचारला होता. नवरा-बायको, आईवडील, सासूसासरे, मुलं, इतर नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचे सहकारी, मंडळातले, प्रार्थनेला भेटणारे वगैरे एकूण बारा प्रकारची नाती. दोन आठवड्यांतून एकदा तरी बोलणं होत असेल, तरच ते नातं जमेस धरायचं. वर्षातून एकदा दिवाळीचा मेसेज पाठवणारे यात बसत नाहीत.

आता खरी अडचण. एकटा माणूस कदाचित नुसती कुरकुरच जास्त करत असेल, तर? म्हणून ‘मला बरं वाटत नाही’ एवढ्यावर कोहेन विसंबून राहिले नाहीत. वापरलेले कागदी रुमाल पिशव्यांत गोळा केले, त्यांचं वजन केलं आणि त्यातून कोऱ्या रुमालांचं आणि पिशवीचं वजन वजा केलं. उरला तो शेंबूड, ग्रॅममध्ये. शिवाय नाकाच्या पुढच्या भागात रंग सोडून तो घशाकडे पोचायला किती वेळ लागतो, तेही मोजलं. संशोधनाचं हे काम दिसायला फारसं रुबाबदार नाही, पण मला त्यातला हा भाग सगळ्यात भावतो. शेंबूड खोटं बोलत नाही.

१९९७ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांची नाती एक ते तीन प्रकारचीच होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारची नाती असणाऱ्यांच्या ४.२ पट निघाला. नाती जितकी विविध, तितका शेंबूड कमी आणि नाकातून बाहेर पडणारे विषाणूही कमी. महत्त्व डोकी मोजण्याला नव्हतं, विविधतेला होतं. पंचवीस जणांचा एकच कट्टा म्हणजे या हिशेबात एकच प्रकार.

धूम्रपान, नीट झोप न लागणं, आहारात क जीवनसत्त्व कमी असणं, यांनीही सर्दीचा धोका वाढत होता. दारूला अजिबात न शिवणंही त्या यादीत होतं (सोयीचा अर्थ काढू नये). पण हे सगळं वजा केलं तरी नात्यांचा परिणाम बराचसा शिल्लक राहिला.

शरीरात नेमकं काय घडतं, याचा एक धागा त्याच गटाच्या २०१२ च्या कामात सापडतो. सर्दीत नाक वाहतं ते मुख्यतः आपल्याच प्रतिकारशक्तीने माजवलेल्या दाहामुळे. हा दाह आवरायचं काम कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हॉर्मोन) करतं. पण ताण दीर्घकाळ टिकला की प्रतिकारपेशी कॉर्टिसॉलला जुमानेनाशा होतात आणि दाह हाताबाहेर जातो. माणसांचा आधार हा ताण हलका करत असावा, असा तर्क आहे. तर्कच म्हणायचं, कारण विषाणू कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं, मित्र मात्र तसे वाटता येत नाहीत. मुळात निरोगी, हसतमुख माणसालाच जास्त नाती जुळत असतील, ही शंका पूर्ण पुसली जात नाही.

आणि सगळीच नाती औषधी नसतात. याच स्वयंसेवकांवरच्या १९९८ च्या लेखात ताणाचा हिशेब आहे. महिन्याच्या आत मिटलेल्या ताणाने सर्दीत फरक पडला नाही. महिना उलटूनही धुमसत राहिलेल्या ताणाने पडला, विशेषतः बेकारी किंवा जवळच्या माणसांशी चाललेल्या भांडणातून आलेल्या.