एटकॉम म्हणजे मानव्यविद्या नव्हे

एमबीबीएसला आता ‘एटकॉम’ असतं: वृत्ती, नीती आणि संवाद यांचं प्रशिक्षण. २०१९च्या तुकडीपासून ते अभ्यासक्रमात आलं आणि अनेकांचा समज झाला की वैद्यकीय शिक्षणात मानव्यविद्या, म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांसारखे विषय, आल्या. हा समज मला घातक वाटतो.

एटकॉममधलं संवादकौशल्य पायऱ्यापायऱ्यांनी शिकवता येतं. वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ पद्धत घ्या: आधी निवांत जागा, मग रुग्णाला काय ठाऊक आहे, किती ऐकायचंय, त्यानंतर माहिती, भावनांना वेळ आणि शेवटी पुढचे उपचार. सहा पायऱ्या. सराव करता येतो, गुणही देता येतात. हे हवंच. गाठ कॅन्सरची आहे हे व्हरांड्यात उभ्याउभ्या ऐकावं लागलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, नाटक यांना अशा पायऱ्या नाहीत. परळच्या ओपीडीत कोकणातून आलेली बाई सांगते, ‘जीव घाबरा होतो, अंगात कणकण असते.’ कणकण थर्मामीटरवर दिसेलच असं नाही. जीव घाबरण्यामागे हृदय असेल, अंगात रक्त कमी असेल, नाहीतर गाव सोडून मुलाच्या एका खोलीत येऊन राहणं असेल. संवादकौशल्य शिकलेला विद्यार्थी तिला मधेच तोडणार नाही, हे चांगलंच. पण कोणत्या शब्दाशी थांबून पुढचा प्रश्न विचारायचा, हे कळायला कथा-कादंबऱ्यांतून माणसं वाचण्याची सवय कामी येते.

इतिहासाचा उपयोग तर मुंबईत पावलोपावली आहे. १८९६मध्ये प्लेग आला तेव्हा गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, चालून गेला होता. रोग्यांना जबरदस्तीने उचलून नेतात आणि नेलेलं माणूस परत येत नाही, ही त्यांची धास्ती होती. ज्याने हे वाचलंय तो ॲडमिट व्हायला नकार देणाऱ्या आजोबांना ‘अडाणी’ म्हणून मोकळा होणार नाही. ‘कशाची भीती वाटते, आजोबा?’ असं विचारेल. प्रश्न साधाच आहे, पण तो घोकून येत नाही.

नीतीचा भाग दोन्हीकडे येतो, गोंधळ बराचसा तिथूनच होतो. एटकॉममध्ये संमती कशी घ्यायची ते शिकतात. सही करणारा नवरा आणि गप्प बसलेली बायको, यांत संमती नेमकी कोणाची, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाचा आहे. तिथे विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदवहीत, शिक्षकाने केलेली सही पुरणार नाही. वर्गात वाद होऊ द्यावा लागेल, आणि त्या तासाला गुण नसावेत असं माझं ठाम मत आहे.