मांजरे-कुत्री छपरावरून पडत नव्हती

लातूर-नांदेडकडील शिकवणी वर्गांत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (मुसळधार पाऊस पडणे) हा इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना, पूर्वी इंग्लंडात गवताच्या छपरात झोपलेली मांजरे-कुत्री पावसात घसरून खाली पडत, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. ती निराधार आहे. १९९९ च्या सुमारास ई-मेलमधून पसरलेल्या मजकुराने ती लोकप्रिय केली. कुत्री छपरात राहत असल्याचा पुरावा मिळत नाही. मिळताजुळता प्रयोग १६५१ मध्ये आणि आजचे रूप आयरिश लेखक जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ मधील लेखनात आढळते, मात्र उगम अनिश्चितच आहे. आपल्या 'मुसळधार' शब्दातही मुसळे पडत नाहीत, धार मुसळाएवढी जाड असते. इंग्रजी प्रयोगही असाच अतिशयोक्तीचा समजावा. तो आता जुनाट वाटतो, म्हणून संभाषणात 'इट्स पोअरिंग' म्हणणे अधिक स्वाभाविक ठरते.