बीजिंगचा बर्फ आणि अथणीचा कूलर

उणे तापमान असलं की बर्फ पडतो आणि बर्फ पडतो तिथेच हिवाळी ऑलिंपिक भरतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. २०२६ च्या फेब्रुवारीत मिलान-कोर्तिनाच्या स्पर्धांच्या बातम्यांत बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचा उल्लेख आला, तेव्हा बेळगावातल्या काही जणांनी मला विचारलं, “म्हणजे तो बर्फ रसायनांचा असतो का हो?” नसतो. तो पाण्याचाच असतो. पण तो कसा होतो, हे थंडीइतकंच हवेच्या कोरडेपणावरही अवलंबून आहे.

बीजिंगचंच बघा. २००८ चं उन्हाळी आणि २०२२ चं हिवाळी, अशी दोन्ही ऑलिंपिक भरवणारं ते जगातलं पहिलं शहर. २००८ मध्ये जिथे पोहण्याच्या शर्यती झाल्या, त्याच ‘वॉटर क्यूब’मध्ये २०२२ मध्ये कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ, रंगला. उतारावरच्या स्की शर्यती मात्र शहराबाहेर, यानचिंगच्या डोंगरात होत्या. तिथे हिवाळ्यात सैबेरियाकडून वारे येतात. थंडी कडाक्याची, पण हवेत बाष्पच नाही, मग बर्फ पडणार कुठून? शर्यतींसाठीचा जवळजवळ सगळा बर्फ यंत्रांनी केला. आणि ज्या कोरडेपणामुळे आभाळातून बर्फ पडत नाही, तोच कोरडेपणा यंत्रांच्या पथ्यावर पडतो!

का, ते समजायला आपला बेळगाव जिल्हाच पुरे. एप्रिलमध्ये अथणीत कूलर खोली छान गार करतो. तोच कूलर जुलैत खानापुरात लावा, नुसती ओल वाढेल. अथणीची हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याची वाफ भराभर होते आणि ती वाफ होताना उष्णता ओढून नेते. खानापुरात घाटावरच्या पावसाने हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं, तर त्याचा पारा किती उतरतो यावरून हा फरक मोजता येतो. हवा शून्याच्या वर १ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे उणे ४ दाखवतो. स्नो गन, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा उडवून बर्फ करणारं यंत्र, चालवणारे साध्या तापमापकावर विसंबत नाहीत, ते हाच आकडा बघतात. तो साधारण उणे २ च्या खाली गेला की काम सुरू.

आता हिशेब मांडू. १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर टाकतं. शून्य अंशाच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० कॅलरी लागतात. म्हणजे फवाऱ्यातलं १ ग्रॅम पाणी उडून गेलं, तर ते साडेसात ग्रॅम पाणी गोठवण्याइतकी उष्णता सोबत नेतं. थोड्या पाण्याने उडून जायचं आणि बाकीच्याचा बर्फ करायचा, हा व्यवहार मला फार सुंदर वाटतो.

अडचण पुढेच आहे. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्याला गोठत नाही, तो उणे ३८ च्या आसपासही द्रव राहू शकतो. बर्फाचा इवलासा कण तयार होताना त्याच्या आकारमानामुळे ऊर्जा सुटते, पण पृष्ठभाग घडवायला ऊर्जा खर्च होते. आकारमान त्रिज्येच्या घनावर वाढतं, पृष्ठभाग वर्गावर. त्यामुळे अगदी लहान कणाला खर्च परवडत नाही आणि तो विरघळतो. एका ठरावीक त्रिज्येपुढे गेला की मात्र वाढतच जातो. ही मर्यादा ओलांडायला आधार लागतो. स्नो गनमध्ये दाबाखालची हवा आणि थोडं पाणी एकत्र सोडतात. दाब सुटताच हवा प्रसरण पावून गार होते, त्यात बर्फाचे बीजकण गोठतात आणि मुख्य फवाऱ्यातल्या थेंबांना आधार देतात. काही ठिकाणी स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूचं प्रथिन वापरतात. त्यावर पाण्याचे रेणू बर्फासारखी रचना घेतात आणि उणे २-३ अंशांतच गोठतात. हा जिवाणू मुळात झाडांच्या पानांवर राहणारा.

कृत्रिम पाऊस पाडण्यासाठी ढगांवर सिल्व्हर आयोडाइड फवारण्यामागेही हीच बीजाची कल्पना आहे. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये ‘वर्षधारी’ नावाने तो प्रयोग केला. बेडकांचं लग्न लावून पाऊस पडत नाही, हे आता बहुतेकांना पटतं. पण ढगात पाणीच नसेल तर विमानही पाऊस पाडू शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

यंत्राच्या बर्फात षटकोनी चांदण्या नसतात. थेंब बाहेरून आत गोठत येतो, म्हणून गोल, घट्ट कण मिळतात. शर्यतीला ते चांगले टिकतात. पण हवा दमट आणि उबदार झाली की यंत्रं हतबल होतात. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस डोंगरावर तेच झालं. प्रशांत महासागराकडची ओली, कोमट हवा होती. शेवटी ट्रक आणि हेलिकॉप्टरने दुसरीकडून बर्फ आणावा लागला आणि उतारांना आकार द्यायला पेंढ्याचे गठ्ठे खाली घालावे लागले.