मस्टर रोलवरचं नाव आणि पेन्शनच्या फायलीतला माणूस

"आमच्या पूर्वजाचं नाव मस्टर रोलवर, म्हणजे पलटणीच्या हजेरीपटावर, सापडलं. म्हणजे तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला, हे पक्कं झालं." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की एकदा बसून सविस्तर लिहून टाकावं असं ठरवलं. पक्कं झालं ते एवढंच, की त्या नावाचा कुणीतरी त्या पलटणीत होता. तो तुमचाच, हे अजून दाखवायचं बाकी आहे.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता सून किंवा जावई अमेरिकन आहेत. नातवंडांची वंशावळ मांडायला घेतली की आपली बाजू कुलवृत्तांतात नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत मिळते. दुसरी बाजू मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, व्हर्जिनिया असं करत थेट इंग्रजांच्या वसाहतींच्या काळात जाते. तिथे हाताशी मुख्यतः दोन प्रकारचे कागद येतात: मृत्युपत्रं आणि लष्करी नोंदी. मृत्युपत्र म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. 'लष्करी नोंद' म्हणताना मात्र लोक दोन पूर्णपणे वेगळे कागद एकच समजतात, आणि वंशावळ चुकते ती तिथे.

मृत्युपत्रांबद्दल मोजकंच सांगतो. मृत्युपत्र लिहिल्याची तारीख ही मरणाची तारीख नव्हे. जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्र लिहिलं ९ जुलै १७९९ ला, तो वारला १४ डिसेंबर १७९९ ला आणि फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात ते दाखल झालं २० जानेवारी १८०० ला. वॉशिंग्टनच्या बाबतीत मधली तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. सामान्य शेतकऱ्याच्या बाबतीत पहिली आणि तिसरी एवढ्याच मिळतात, म्हणून मृत्यू 'या दोन तारखांच्या दरम्यान' असाच लिहावा. दुसरी गोष्ट पंचांगाची. १७५२ पर्यंत या वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे नोव्हेंबर १७४० मध्ये लिहिलेलं मृत्युपत्र फेब्रुवारी १७४० मध्ये कोर्टात आलेलं दिसतं. चैत्रात शक बदलताना पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये, तरी 'कारकुनाची चूक' म्हणून साल 'दुरुस्त' केलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत. कृपा करून १७४०/४१ असंच लिहा.

नात्यांचे शब्दही जपून वाचायचे. 'सन-इन-लॉ' म्हणजे कधी जावई, कधी बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा. 'ऑर्फन' म्हणजे बाप वारलेलं मूल, आई हयात असली तरी. थोरल्या मुलाचं नाव मृत्युपत्रात नसलं म्हणून तो मेला असं धरू नका, बापाने त्याला आधीच खरेदीखताने जमीन दिलेली असू शकते. आणि 'सीनियर' व 'ज्युनियर' हे बाप-लेक असतीलच असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोन पुरुष असले की वयाने मोठा तो सीनियर, मग ते काका-पुतणे असोत की नात्याने कुणीच नसोत. मोठा वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो. हे शेवटचं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ मुद्दा. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकाच्या नावाने वॉशिंग्टन शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोन ठिकाणी कागद असू शकतात. एक सेवानोंद, दुसरी पेन्शनची फाइल.

सेवानोंद म्हणजे कार्डांचं पाकीट. युद्धखात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० रोजी आग लागली आणि बरेच मूळ कागद गेले. वाचलेल्या आणि पुढे गोळा केलेल्या मस्टर रोल व पगारपत्रकांवरून १८९० च्या दशकात कारकुनांनी एकेका नावाची कार्डं उतरवून काढली आणि पलटणीनुसार लावली. तिच्यात नाव, हुद्दा, कंपनीच्या कॅप्टनचं नाव, भरतीचा काळ, आजारी, रजेवर, पळून गेला असे शेरे मिळतात. बापाचं, बायकोचं, मुलांचं नाव मिळत नाही. कारकून शंभर वर्षांनी उतरवून घेत होता, समोर नाव होतं आणि माणूस नव्हता. एकाच सैनिकाच्या नावाची दोन स्पेलिंगं असली तर दोन पाकिटं होतात आणि एकाच नावाचे दोन सैनिक शेजारी शेजारी असले तर वाचणारा त्यांना एक करून टाकतो. मॅसॅच्युसेट्सने १८९६ ते १९०८ या काळात आपल्या सैनिकांच्या नोंदी १७ खंडांत छापल्या. काम प्रचंड आहे, मला त्याविषयी आदर आहे. पण तिथेही एका नावाखालच्या ओळी एकाच माणसाच्या आहेत का, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मिलिशियाच्या, म्हणजे गावोगावच्या नागरिकांच्या फौजेच्या, यादीचं तर आणखी वेगळं. मॅसॅच्युसेट्समध्ये ठरावीक वयाच्या बहुतेक पुरुषांना मिलिशियात नाव घालणं कायद्याने भागच होतं. अशा यादीतलं नाव गावात राहिल्याचा पुरावा आहे, लढल्याचा नाही.

पेन्शनची फाइल वेगळ्या गरजेतून जन्मली. इथे म्हातारा सैनिक किंवा त्याची विधवा सरकारपुढे येऊन 'तो मीच' किंवा 'ती मीच' हे शपथेवर पटवून देत होती. साहजिकच फाइल भरते ती ओळख पटवणाऱ्या तपशिलांनी. अशा सुमारे ८०,००० फायली आहेत.

फरक किती खोल आहे ते डेबोरा सॅम्पसनवरून कळतं. १७८२ मध्ये ती पुरुषवेशात चौथ्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमध्ये भरती झाली. तिचं रोलवरचं नाव रॉबर्ट शर्टलिफ. रोलवर विसंबून राहिलेला माणूस शर्टलिफ घराण्यात शोधत बसेल आणि त्याला काहीच मिळणार नाही. पेन्शनच्या कागदांत मात्र ती डेबोरा गॅनेट आहे, बेंजामिन गॅनेटची बायको. १८०५ मध्ये तिला जखमी सैनिकाची पेन्शन मिळाली आणि तिच्यामागे १८३८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तिच्या वारसांना रक्कम दिली. रोलवर खोटं नाव आणि फायलीत खरं कुटुंब, दोन्ही एकाच व्यक्तीचं.

पण 'पेन्शन फाइल मिळाली' एवढ्यावरही थांबू नका. आधी पाहा ती कुठल्या कायद्याखाली आहे. ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, कारण काय विचारलं गेलं आणि काय लिहिलं गेलं हे कायद्याने ठरत असे.

१८१८ चा कायदा कॉन्टिनेंटल फौजेत (सगळ्या वसाहतींच्या मिळून उभारलेल्या नियमित फौजेत) किमान नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत राहिलेल्या गरजू सैनिकांसाठी होता. मिलिशियावाले त्यात नव्हते. शिपायाला महिन्याला ८ डॉलर. अर्ज इतके आले की १८२० मध्ये सरकारने प्रत्येकाकडून मिळकतीची शपथेवरची यादी मागितली. ही यादी म्हणजे घराची झडतीच. कनेक्टिकटच्या फौजेत लढलेला जोसेफ प्लम मार्टिन तेव्हा मेनमधल्या प्रॉस्पेक्टला राहत होता. त्याच्या यादीत दोन गायी, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर आहे, बायको आणि पाच मुलं आहेत. त्याच्या सेवानोंदीत यातलं अवाक्षरही नाही. मात्र या कायद्याखालच्या फायलीत जन्मगाव क्वचितच मिळतं. मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका, कुणी विचारलंच नव्हतं.

विचारलं ते १८३२ च्या कायद्याने. त्यात मिलिशियावालेही आले, सहा महिन्यांची सेवा पुरे झाली, गरिबीची अट गेली. म्हाताऱ्याला कोर्टात ठरावीक प्रश्न विचारले जात. जन्म कुठे आणि कधी? वयाची नोंद कुठे आहे? भरतीच्या वेळी कुठे राहत होतात? युद्धानंतर कुठे कुठे राहिलात? स्वतःहून गेलात, चिठ्ठीत नाव आलं, की कुणाच्या बदली गेलात? साल आठवत नसलं की म्हातारे 'कॉर्नवॉलिस पकडला गेला तेव्हा' अशी खूण देतात, म्हणजे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला शरण आला ते साल, १७८१. (हाच कॉर्नवॉलिस ११ वर्षांनी श्रीरंगपट्टणला हरिपंत फडक्यांच्या फौजेच्या सोबतीने टिपूविरुद्ध उभा होता. ते नाव अशा फायलीत वाचताना मला दर वेळी आपला इतिहास आठवतो.) 'कुणाच्या बदली' या प्रश्नाचं उत्तर तर सोन्यासारखं असतं. मुलगा बापाच्या बदली गेला, हे रोलवरून कळायचा काहीच मार्ग नाही.

विधवांचे कायदे आणखी पुढचे. १८३६ चा कायदा नवऱ्याची सेवा संपण्याआधी लग्न झालेल्यांसाठी, १८३८ चा १ जानेवारी १७९४ पूर्वी लग्न झालेल्यांसाठी. लग्नाची तारीख सिद्ध करणं हाच अर्जाचा गाभा, म्हणून कित्येक जणींनी घरातल्या बायबलमधली जन्म-लग्नांच्या नोंदींची पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती आजही फायलींत आहेत. एक सावधगिरी मात्र हवी. अर्ज करणारी विधवा ही मुलांची आईच असेल असं नाही, ती दुसरी बायको असू शकते. लग्नाची तारीख आणि थोरल्या मुलाचा जन्म शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तिला आजी म्हणून लावू नका.

म्हणजे १७९० मध्ये वारलेल्या सैनिकाची बायको १८२० मध्ये वारली असेल, तर बहुधा फाइल नसणारच. फाइल नाही म्हणून तो लढलाच नाही, हा निष्कर्ष मस्टर रोलवरच्या घाईइतकाच चुकीचा.

मग मृत्युपत्राचा उपयोग कुठे? इथेच. १८३२ च्या जबानीत जन्मगाव असतं, आईबापांची नावं सहसा नसतात. तेव्हा जबानीतलं जन्मगाव, जन्मसाल आणि भरतीच्या वेळचं गाव घेऊन त्या भागाच्या प्रोबेट कागदांकडे (मृत्युपत्रं आणि मृताच्या मिळकतीचे कोर्टातले कागद) जायचं. मॅसॅच्युसेट्समध्ये ते काउंटीवार, कनेक्टिकटमध्ये प्रोबेट डिस्ट्रिक्टवार, व्हर्जिनियात काउंटी कोर्टाच्या विल बुकांत मिळतात. तिथे त्या नावाचा मुलगा असलेला बाप शोधायचा आणि उरलेल्या भावंडांची नावं जबानीतल्या साक्षीदारांशी ताडून पाहायची. भाऊ किंवा मेहुणा साक्षीला आलेला असतो आणि तोच मृत्युपत्रात भेटतो. त्या दोन कागदांची गाठ पडली की वंशावळीतला एक दुवा खरोखर पक्का झाला असं मी मानतो. एरवी कच्च्या पेन्सिलीने लिहावं.

आमच्याच घरचं सांगतो. सूनबाईंच्या माहेरच्या वंशावळीत कनेक्टिकटचा एक पूर्वज सैनिक म्हणून दोन पिढ्या मिरवत होता. रोलवर नाव होतं, गाव शेजारचं होतं. त्या नावाची पेन्शन फाइल उघडली तर तो सैनिक १८३२ मध्ये कोर्टात उभा राहून जबानी देतोय. आणि प्रोबेटच्या कागदांत आमच्या माणसाच्या मिळकतीची यादी १७७९ मध्येच दाखल झालेली. एक सीनियर, एक ज्युनियर, नातं काही नाही. सूनबाईंच्या आईला ते सांगताना जड गेलं, पण त्यांनी स्वतःच्या हाताने वंशावळीतली ती ओळ खोडली. आमचा माणूस सुतार होता, यादीत त्याचे रंधे आणि करवती मोजून लिहिल्या आहेत. घरात आता त्या यादीची प्रत लावली आहे.

फायली वाचण्याबद्दल माझे दोन आग्रह. पुष्कळ फायलींत वर एक टाइप केलेलं पत्र असतं. विसाव्या शतकात कुणाच्या तरी चौकशीला सरकारी कारकुनाने दिलेलं ते उत्तर. सोपं वाचता येतं म्हणून लोक तेवढंच वाचतात. ते बाजूला ठेवा आणि हाताने लिहिलेली पानं वाचा, दोन संध्याकाळी लागल्या तरी चालतील. दुसरं, मायक्रोफिल्मचा क्रमांक तपासा. एम ८०४ मध्ये पूर्ण फायली आहेत. एम ८०५ मध्ये मोठ्या फायलींतली निवडक पानंच घेतली आहेत. 'पूर्ण फाइल वाचली, त्यात काही नव्हतं' असं सांगणाऱ्यांनी बऱ्याचदा एम ८०५ वाचलेली असते.

आणि फायलीवरचं अक्षर बघा. 'एस' म्हणजे सैनिक स्वतः, 'डब्ल्यू' म्हणजे विधवा, 'आर' म्हणजे नामंजूर. 'आर' दिसताच लोक पुढे जातात, मला ते अजिबात पटत नाही. एखाद्याची सेवा पाचच महिन्यांची भरली किंवा विधवेला लग्नाचा कागद मिळाला नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला. जबानी तर सगळी लिहून झालेली होती. उलट नकार आल्यावर लोकांनी पुन्हा अर्ज केले, शेजारी आणले, धर्मगुरू आणले, भावांच्या जबान्या जोडल्या. मंजूर फायलीत चार पानं असतात तिथे नामंजूर फायलीत मी तीस-तीस पानं पाहिली आहेत.