फेम्टोसेकंदाचा कॅमेरा? त्याची गरजच नसते

फोंड्यात विज्ञानाचं व्याख्यान झालं की चहाच्या कपासोबत हे ऐकू येतंच: "लेझरच्या माऱ्याने चुंबकाचं चुंबकत्व क्षणात उडतं, ते टिपायला तेवढाच वेगवान कॅमेरा हवा." नाही हो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश; कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक्स इतकं चपळ नसतं.

युक्ती आहे अंतराची. एकाच लेझरचा झोत दोन वाटांनी सोडतात. पहिला स्पंद (प्रकाशाचा क्षणिक ठोका) पदार्थाला धक्का देतो, दुसरा मागाहून येऊन पाहणी करतो. दुसऱ्याच्या वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला, की जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर वाढतात आणि स्पंद एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद, उशिरा पोचतो. म्हणजे वेळ मोजायची चक्क पट्टीने! परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण (त्याच्या कंपनाची दिशा) किती वळलं, एवढंच डिटेक्टर सावकाश नोंदवतो; चुंबकत्व बदललं की हे वळणंही बदलतं. मग आरसा थोडा सरकवायचा, पुन्हा तेच.

१९९६ साली निकेलच्या पातळ थरावर ६० फेम्टोसेकंदांचे स्पंद मारून असंच पाहिलं, तर चुंबकत्व दोनेक पिकोसेकंदांच्या आतच घसरलेलं. तोवर इतक्या घाईची अपेक्षा कुणाला नव्हती.

मात्र प्रत्येक धक्क्यानंतर पदार्थ पूर्वपदावर यावा लागतो. चुंबक कायमचा उलटला, तर आधी बाहेरून चुंबकीय क्षेत्र देऊन त्याला सरळ करायचं, मगच पुढचा स्पंद.