‘आमच्या घराण्यात हे कुणालाच नव्हतं’: जनुकीय तपासणीला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला येणाऱ्यांच्या तोंडून सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आमच्या घराण्यात हे कुणालाच नव्हतं.’ कुणी ते आश्चर्याने म्हणतं, कुणी दुखावून, तर कधी ते शेजारी बसलेल्या जोडीदाराकडे बघत म्हटलं जातं. हे पत्रक मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे. तुमच्या रिपोर्टचा अर्थ समुपदेशक सांगतीलच. पण जनुक म्हणजे काय, ते मुलांपर्यंत कसं पोचतं आणि पिढ्यान्‌पिढ्या न दिसता कसं राहतं, एवढं आधी माहीत असलं तर त्यांच्यासमोरची वीस मिनिटं कामी येतात.

जनुक नेमकं आणतं काय?

‘रागाचं जनुक’, ‘उंचीचं जनुक’ असं आपण सहज बोलतो. जनुक राग आणत नाही आणि उंचीही आणत नाही. जनुक हा डीएनएच्या लांबलचक धाग्याचा एक तुकडा आहे, आणि बहुतेक जनुकांत एखादं प्रथिन कसं बनवायचं एवढंच लिहिलेलं असतं. लिहायला अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. माणसाच्या एका पूर्ण संचात अशी सुमारे ३ अब्ज अक्षरं आणि प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० जनुकं असतात. प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर मात्र सगळ्या धाग्याच्या २ टक्क्यांहून कमी भरतो. उरलेल्यातला काही भाग कुठलं जनुक कधी आणि कुठे चालू ठेवायचं ते ठरवतो. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच असूनही दोन्ही वेगळं काम करतात ते यामुळेच.

पेशी ही अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचते. एकूण ६४ गट होतात. त्यांतले ६१ कुठलं अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) जोडायचं ते सांगतात आणि ३ ‘इथे थांबा’ म्हणतात.

एका अक्षराने काय होतं ते सिकलसेल या रक्ताच्या आजारात स्पष्ट दिसतं. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीचं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, म्हणजे डीएनएच्या धाग्याच्या एका गुंडाळीवर आहे. त्यातल्या सहाव्या गटात ‘जीएजी’ असायला हवं. मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ आला की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन जोडलं जातं. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत फरक एवढाच. पण ऑक्सिजन सोडल्यावर ही बदललेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ धागे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. असह्य दुखणं, रक्तक्षय, प्लीहेचं नुकसान हे सगळं पुढचं. जनुकात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे एक अक्षर वेगळं होतं.

(नव्या पद्धतीच्या रिपोर्टमध्ये हीच जागा ‘सातवी’ म्हणून लिहिलेली दिसते, कारण सुरुवातीचं, पुढे गळून जाणारं अमिनो आम्लही आता मोजतात. एकाच्या रिपोर्टवर ६ आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर ७ बघून बरेच जण घाबरतात. आजार एकच आहे.)

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती

आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. गंमत म्हणजे १९५६ पर्यंत पाठ्यपुस्तकांत ४८ छापलं जायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ती एकमेकांवर चढलेली असायची आणि नीट मोजताच येत नसत. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईचं, एक वडिलांचं. म्हणून जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात.

बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. कुठल्या जोडीतलं कुठलं जाईल याचा दुसऱ्या जोडीशी संबंध नसतो. नुसत्या या वाटणीतून एका माणसाकडून ८३ लाखांहून जास्त वेगवेगळे संच तयार होऊ शकतात. त्यात फुटण्याआधी जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात, त्यामुळे खरी संख्या मोजण्यापलीकडे जाते. सख्ख्या भावंडांत निम्मी जनुकं सारखी असतात असं म्हणतात ते सरासरीने. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं. बहिणीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून भावाची तपासणी टाळता येत नाही, ते याचसाठी.

वाटाण्याची सुरकुती

लपून राहणाऱ्या गुणांचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला ग्रेगोर मेंडेल या मठवासी संशोधकाने, ब्रनो शहरात, वाटाण्याच्या रोपांवर. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या रोपांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती गेली असंच कुणीही म्हटलं असतं. मेंडेलने त्या गोल दाण्यांची रोपं लावली, स्वपरागण होऊ दिलं आणि पुढचे दाणे मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. हा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण त्याचं मोल लोकांना १९०० मध्ये कळलं. मेंडेल १८८४ मध्येच वारला होता.

दोन रंग मिसळले की मूळ रंग परत मिळत नाहीत. सुरकुती मात्र जशीच्या तशी परत आली. म्हणजे ती पहिल्या पिढीत मिसळली नव्हती, नुसती दिसत नव्हती.

का दिसत नव्हती? गोल दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा भलताच तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे विकर नीट बनत नाही. साखर साचते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. पण दोन प्रतींपैकी एक चांगली असली की पुरेसं विकर बनतं आणि दाणा गोल राहतो.

पुस्तकांत याला ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ म्हणतात, आणि आमच्या मते या दोन शब्दांनी बराच गोंधळ घातला आहे. इथे प्रभावी प्रत दुसरीला दाबून टाकत नाही. एका प्रतीवर काम भागतं, एवढाच त्याचा अर्थ.

‘वाहक’ म्हणजे आजारी नव्हे

रिपोर्टवर ‘वाहक’ लिहिलेलं असेल तर तुमची एक प्रत बदललेली आहे आणि दुसरी तुमचं काम सांभाळते आहे. थॅलेसेमिया (यात हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही), सिकलसेल यांसारख्या आजारांचे वाहक सहसा ठणठणीत असतात. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाच्या तांबड्या पेशी लहान दिसतात, आणि लोहाची कमतरता समजून कित्येकांनी वर्षानुवर्षं विनाकारण गोळ्या घेतलेल्या असतात. सिकलसेलच्या वाहकांना तर तीव्र हिवतापापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता तिथे हा बदल जास्त आढळतो, तो त्यामुळेच.

प्रश्न उभा राहतो तो दोन वाहक जोडीदार झाले की. तेव्हा प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या मिळण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक गर्भधारणेत’ हे शब्द कृपया दोनदा वाचा. ‘पहिलं मूल आजारी झालं, चारातलं एक होऊन गेलं, आता पुढची तीन सुखरूप’ असा हिशेब आमच्याकडे शिकलेले लोकही मांडतात. तो चूक आहे. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्या पुन्हा नव्याने टाकल्या जातात, आणि तिसऱ्या वेळीही.

आणखी एक आकडा बहुतेकांना चकवतो. आजारी मुलाचं निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता निम्मी नाही, दोन तृतीयांश आहे. आजारी असण्याची शक्यता आधीच वगळली गेली. उरलेल्या तीन समान शक्यतांपैकी दोन वाहकाच्या.

‘घराण्यात कुणालाच नव्हतं’ याचं पहिलं उत्तर हे. बदललेली प्रत पणजोबांकडून आजीकडे, आजीकडून वडिलांकडे आली असेल आणि दर वेळी जोडीला चांगली प्रत मिळाली असेल. जोडपं नात्यातलं असेल तर दोघांकडे एकाच पूर्वजाची एकच बदललेली प्रत असण्याचा संभव वाढतो. हे आम्ही विचारतो ते दोष द्यायला नव्हे, हिशेबासाठी.

एक्स गुणसूत्राचं वेगळं गणित

स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बीजांडात कायम एक्सच असतो. शुक्राणूत कधी एक्स, कधी वाय. तेव्हा मुलगा की मुलगी हे शुक्राणूवरून ठरतं. याबद्दल आईला जाब विचारणाऱ्यांना हे पत्रक जरूर वाचायला द्या.

पुरुषाकडे एक्स एकच असल्याने त्यावरचा बदल झाकायला दुसरी प्रत नसते. लाल-हिरवा रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) पुरुषांत जास्त दिसतात ते म्हणून. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के. वडिलांकडून मुलग्याला वाय जातो, त्यामुळे हिमोफिलिया बापाकडून लेकाला मिळत नाही. आईच्या वडिलांकडून आईमार्गे नातवाला मिळू शकतो. मधली पिढी कोरडी जाते आणि लोकांना वाटतं, हे आलं कुठून.

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद ठेवलेला असतो, कुठला ते सहसा योगायोगाने ठरतं. मांजरात नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं; काळे आणि नारिंगी ठिपके असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, ती याच कारणाने. म्हणूनच हिमोफिलियाच्या काही वाहक स्त्रियांनाही सौम्य लक्षणं जाणवतात. सहज न थांबणारा रक्तस्राव होत असेल तर ‘मी नुसती वाहक आहे’ म्हणून गप्प राहू नका.

एकच प्रत पुरते तेव्हा, आणि बदल नवाच असतो तेव्हा

काही आजारांत एक बदललेली प्रत पुरेशी ठरते. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा हंटिंग्टनचा आजार तसा. मुलाला मिळण्याची शक्यता ५० टक्के, आणि लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर, म्हणजे मुलं होऊन गेल्यावर. बीआरसीए१ या जनुकातला दोषही एका प्रतीने पुढे जातो. असा दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, १०० नव्हे. इथे एक चूक फार होते: आत्याला झालेला कर्करोग ‘वडिलांच्या बाजूचा’ म्हणून सांगितलाच जात नाही. हे जनुक १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे आणि वडिलांकडून मुलीला तितक्याच सहज मिळतं.

शिवाय प्रत्येक मूल जन्मताना आईवडिलांत नसलेले काही डझन नवे अक्षरबदल घेऊन येतं. ते बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि वडिलांचं वय वाढतं तसे थोडे वाढतात. अकॉन्ड्रोप्लेशिया या बुटकेपणाच्या प्रकारात दर १० पैकी साधारण ८ मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. बदल त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. घराण्यात खरोखरच कुणालाच नव्हतं, असंही घडतं.

रक्तगटावरून संशय घेऊ नका

ए आणि बी गटाच्या आईवडिलांना ओ गटाचं मूल होऊ शकतं. दोघांनीही आपली लपलेली ओ प्रत दिली, एवढंच. एबी गटाच्या पालकाचं मूल मात्र ओ नसावं, हा नियम. त्यालाही अपवाद आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच घटकच बनत नाही. मग जनुक ए किंवा बी असूनही साध्या तपासणीत गट ओ दिसतो. नात्याची खात्री रक्तगटावरून होत नाही.

जीभ वळवता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं हे ‘एका जनुकाचे गुण’ म्हणून शाळेत शिकवले जातात. एकबीज जुळ्यांत एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला नाही, असं १९५२ मध्येच दिसून आलं होतं. उंचीवर तर डीएनएतल्या सुमारे १२,००० जागांचा परिणाम होतो असं २०२२ मधल्या मोठ्या अभ्यासात आढळलं. बाळ किती उंच होईल ते आम्ही सांगत नाही, आणि कुणी सांगत असेल तर पैसे जपून ठेवा.

जनुक तेच राहूनही परिणाम बदलू शकतो. फिनाइलकीटोन्युरियात फिनाइलॲलॅनिन हे अमिनो आम्ल पचवणारं विकर काम करत नाही आणि मेंदूला इजा होते. जन्मानंतर लगेच निदान झालं आणि आहारात ते काटेकोरपणे कमी ठेवलं, तर मूल इतरांसारखं वाढतं.

येताना काय आणायचं

जमेल तेवढी तीन पिढ्यांची माहिती, आई आणि वडील दोन्हीकडची: कोण कुठल्या वयात आजारी पडलं, कुठली बाळं लहानपणीच गेली, वारंवार गर्भपात झाले का. घरात कुणाची जनुकीय तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट मूळ कागदासकट आणा. नेमका कुठला बदल शोधायचा ते माहीत असलं की आमचं काम सोपं होतं. अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर नमुना देण्याआधी सांगा, नाहीतर दात्याचा डीएनए तुमचा म्हणून वाचला जाऊ शकतो.

रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असं आलं तर बदल सापडला आहे, पण तो आजार आणतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. त्यावर अवलंबून शस्त्रक्रिया किंवा गर्भाबद्दलचा निर्णय घेऊ नये. असे रिपोर्ट पुढे बदलतात, त्यामुळे फाइल टाकून देऊ नका आणि एक-दोन वर्षांनी समुपदेशकांना पुन्हा विचारा.